मंत्रिमहोदय, चवथ कोणत्या वर्षाची?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मी नुस्तें, म्हणजे मासळी, विकणारी बाई आहे. फोंडा तालुक्यात, कुंभारजुव्याच्या कालव्याकडे पाणी सोडणारी एक तळी आहे. तिच्यावर सात घरं जगतात, त्यातलं एक माझं. ती तळी जलपर्णीने झाकली आहे. गावाचं नाव लिहीत नाही. पावणी (तळीचा लिलाव) करणारे, मशीन आणणारे, औषध मारणारे सगळे ओळखीचे आहेत आणि मला याच गावात राहायचं आहे. तुम्हाला मात्र गाव लगेच कळेल. गेल्या पावसात तुम्ही बांधावर आला होता, मला 'वैनी' म्हणाला होता, माझ्या पाटीतलं थिगूर हातात धरून फोटो काढला होता (थिगुराने तुमच्या सदऱ्यावर शेपूट मारलं, सगळे हसले) आणि चार लोकांसमोर शब्द दिला होता: "चवथीच्या आधी तळी निवळ करून देतो."

ती चवथ, गणेशचतुर्थी, गेली. आता दुसरी येते आहे. कोणत्या वर्षाची चवथ, हे विचारायचं त्या दिवशी आम्हाला सुचलं नाही.

तुम्ही कामात असता, म्हणून आम्ही वाट बघितली. आज लिहायचं कारण वेगळं आहे. मे महिन्याच्या अखेरीस आमच्या तळीतली मासळी मेली. एका रात्रीत. सकाळी नवरा होडी घेऊन गेला आणि लगेच परत आला, बोलेना. मी बांधावर जाऊन बघितलं तर रोहू, कटला, काळुंदर, सगळं पोटं वर करून. आम्ही कर्ज काढून सोडलेलं बीज होतं ते, वीतभर वाढलेलं. थिगूर आणि मरळ तेवढी वाचली, कारण ती वर येऊन हवा घेतात. रोहूला ते जमत नाही. दुपारपर्यंत घारी जमल्या, संध्याकाळी वास घरात आला. खड्डा खणून पुरायचं कामही आम्हीच केलं, त्याची मजुरी कोणी विचारली नाही.

साहेब आले, पंचनामा झाला. कागदावर लिहिलं, 'अतिउष्णतेमुळे नैसर्गिक मरण'. मी विचारलं, ऊन फक्त आमच्याच तळीवर पडलं काय? पलीकडच्या गावच्या तळीत एक मासा मेला नाही. साहेब म्हणाले, बाई, सही करा. मी सही केली नाही. त्या कागदावर माझ्या नावापुढे 'सही करण्यास नकार' असं लिहिलंय, ते तुमच्यापर्यंत पोचलं असेल.

खरं काय झालं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोणीतरी मोठा माणूस येणार म्हणून पाठीवर पंप लावलेली पोरं आली आणि त्यांनी जलपर्णीवर औषध मारलं. कसलं औषध ते सांगितलं नाही, आम्हाला विचारलं नाही, तळीची पावणी आमच्या नावावर असून. चार दिवसांत हिरवं होतं ते तपकिरी झालं, मग तळाला बसलं आणि कुजायला लागलं. मेलेला पाला पाण्यात कुजतो तेव्हा पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. मे महिन्यात पाणी आधीच कमी, वर उरलेल्या जलपर्णीची चादर, म्हणजे हवेतून नवा प्राणवायू मिसळायची वाटही बंद. पाण्याखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथलं शेवाळही प्राणवायू तयार करत नाही. मासळी गुदमरून मेली. हे मला माझ्या मुलीने समजावलं, ती प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते. तिची फी भरायची आहे, त्यावर पुढे येते.

आम्ही सगळ्यालाच जलपर्णी म्हणतो, पण तळीत दोन जाती आहेत. निळ्या फुलांची, फुगीर देठांची ती नाल्याच्या तोंडाशी आहे. मधल्या पाण्यावर पसरली आहे ती साल्विनिया, बारीक केसाळ पानांची. दोन्ही मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या. साल्विनियाला बीच धरत नाही. तुकड्यातून वाढते, चांगल्या दिवसांत आठवड्याच्या आत दुप्पट होते. म्हणजे अर्धी तळी झाकलेली दिसली की पुढच्या शनिवारी पूर्ण झाकलेली. ही माहिती मोबाइलवर फुकट मिळते. तरी तुमच्या खात्याने तिच्यावर काय आणलं? कापायचं मशीन! जी तुकड्यातून वाढते तिचे तुकडे करायला सरकारी खर्चाने यंत्र.

त्या मशीनबद्दल लिहिते, कारण तुमच्या भाषणात तेच होतं. जानेवारीत आलं. पहिल्या दिवशी नारळ फोडला, पेपरवाले आले. मग काठाकाठाने फिरलं, मधे चिखलात रुतलं, दुरुस्तीला गेलं ते गेलंच. काढलेला ढीग बांधावरच टाकला आणि अर्धा परत पाण्यात घसरला. गावात कोणी म्हणतं पंधरा लाखांचं काम, कोणी म्हणतं बावीस. मला तेवढंच कळलं की बिल टनावर होतं. जलपर्णीत शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणी असतं. म्हणजे तळीतलं पाणी, तळीच्या काठावर, सरकारने टनाने विकत घेतलं. आणि आम्हाला सांगतात, मच्छीमारांसाठी निधी नाही.

आता माझं सांगते. तळीची पावणी आम्ही सात घरांनी मिळून घेतली, दोन लाख चाळीस हजार. अर्धे भरले, अर्धे भाताच्या कापणीनंतर. बीज वेगळं, खाद्य वेगळं, जाळी वेगळी. माझ्या दोन बांगड्या सोसायटीत गहाण आहेत. माझ्या आईने दिलेल्या, ज्या मी नवऱ्याच्या आजारपणातही काढल्या नव्हत्या. जलपर्णीत जाळं टाकलं की जाळ्यात मासा कमी आणि पाला जास्त येतो, तो सोडवताना दोरे तुटतात. नवऱ्याच्या पायांना खाज सुटून जखमा झाल्या आहेत, रात्री तो झोपत नाही, डॉक्टर म्हणतो पाण्यात उतरू नका. पाण्यात न उतरणारा पागी कुठे बघितलाय काय तुम्ही? डासांनी सासूला तापाने झोपवलं. जलपर्णीच्या मुळांना चिकटून मॅन्सोनिया नावाच्या डासाच्या अळ्या वाढतात, हत्तीपायाचा रोग पसरवणाऱ्या डासांत तोही आहे. आम्ही घरात धूप जाळतो. आणखी काय करणार?

पहाटे उठून मी बाणस्तारीच्या बाजारात बसायची. आता गिऱ्हाईक विचारतं, "तळीचं नुस्तें? त्या औषध मारलेल्या?" आणि पुढे जातं. एका वाट्याला मिळायचे त्याच्या निम्म्याने देते, तरी उरतं. सोपो, बाजारात बसायचा कर, मात्र पूर्ण द्यावा लागतो. एक जून ते एकतीस जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा गोड्या पाण्याच्या मासळीला चांगला भाव येतो. वर्षाचं गणित आम्ही त्या एकसष्ट दिवसांत बसवतो. यंदा ते दिवस माझ्या समोरून रिकाम्या हाताने चालले आहेत, आणि मुलीच्या कॉलेजमधून फीचा मेसेज दर सोमवारी येतो. ती म्हणाली, "आई, मी एक वर्ष थांबते." मी तिला शिव्या घातल्या. तुम्हाला घालायच्या होत्या, त्या तिला घातल्या.

मदत मागायला गेले तर फॉर्म दिला. त्यात पहिलाच रकाना: बोटीचा नोंदणी क्रमांक. आमच्याकडे होडी आहे, दोन माणसं बसतील एवढी, तिला कसला क्रमांक? मग म्हणाले, समुद्रातले मच्छीमार वेगळे, तुम्ही वेगळे. २०२० मध्ये केंद्राने मत्स्य संपदा योजना काढली, २०,०५० कोटींची. मी तो आकडा पाठ केला आहे, शून्यासकट. त्यातला एक रुपया आमच्या बांधापर्यंत चालत आला असता तर मी त्याची ओटी भरली असती. ट्रॉलरवाल्यांना इंधनाची सवलत आहे आणि ती मिळालीच पाहिजे, त्यांचंही पोट आहे. पण तळीतला पागी वल्हं मारतो, डिझेल जाळत नाही, म्हणून तो मच्छीमारच नाही असं तुमच्या संगणकाला वाटतं.

मंत्रीबाब, ही जलपर्णी आमच्या तळीत आधी नव्हती असं नाही. एखाद-दुसरी असायची. पण ती टिकत नव्हती, कारण मानस होती, बांधातलं पाणी सोडायचं फळ्यांचं दार. भाताला पाणी देऊन झालं की एप्रिल-मेमध्ये मानशीच्या फळ्या काढायच्या, पाणी कालव्याकडे सोडायचं, मासळी उचलायची आणि तळ उन्हात तडकू द्यायचा. साल्विनिया सुकली की मरते. पाण्याबरोबर वाहून गेलेली खाऱ्या पाण्यात मरते. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावची जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेच्या, काळात गावकार हे दरवर्षी करून घ्यायचे. कोणी परदेशी यंत्राची निविदा काढत नव्हतं. मानशीवर माणूस होता, त्याला त्याचा वाटा होता, बांध फुटला तर जाब द्यायला तो हजर होता.

मग १९६४ चा कूळ कायदा आला. तो यायलाच हवा होता. माझे आजेसासरेही कूळ होते आणि त्या कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीनेच आमच्या नावावर शेत आलं, हे मी विसरलेले नाही. पण शेत कुळांना मिळालं, बांध आणि मानस कोणाच्याच वाट्याला आली नाही. जुने म्हणाले आता तुमचं, नवे म्हणाले आधी तुमचंच होतं. फळ्या कुजल्या. मग सुशोभीकरण आलं. लाकडी मानस काढून लोखंडी दार बसवलं, बांधावर फरशी आणि जॉगिंग ट्रॅक केला, दिवे लावले, बाक ठेवले. दार दोन पावसाळ्यांत गंजून बसलं, आता ते उघडत नाही. आणि उघडू नये असंच काहींना वाटतं, कारण मे महिन्यात तळी सुकलेली दिसली तर बाकावर बसून फोटो कुठला काढणार? तळी वर्षभर भरलेली दिसावी म्हणून ती वर्षभर कुजते आहे.

बोरी-दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला मानगे थापणी होते. चिखलाची मगर करतात, पुजतात. ती बांध राखते अशी श्रद्धा आहे. कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरीही आहेत. कुठल्या खात्याबद्दल लोकांची अशी श्रद्धा मी अजून ऐकलेली नाही.

दार कोणाचं, हे विचारायला मी एका खात्यात गेले. ते म्हणाले, दार आमचं पण पाणी दुसऱ्या खात्याचं. दुसरं म्हणालं, पाण्यावर तरंगतंय ते आमचं नाही. तिसरं म्हणालं, ही पाणथळ अजून अधिसूचित नाही, झाल्यावर या. पाणथळींचे नियम २०१७ चे आहेत. त्यांत घाण सोडायला बंदी आहे, कचरा टाकायला बंदी आहे, अतिक्रमणाला बंदी आहे, राज्यात प्राधिकरण नेमायला सांगितलं आहे. पण आधी तळी यादीत यावी लागते. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसरचा, पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय, मान मिळाला, ४२ हेक्टर, गोव्यातलं पहिलं. आनंद आहे, खरोखर आहे. पण बाकीच्या तळ्यांनी काय पाप केलं? मडगावकडे साळ नदी बघा, पात्रावरून माणूस चालत जाईल असं वाटतं. आंतरराष्ट्रीय मान मिळाल्याशिवाय गावच्या तळीला गावचं सरकार ओळखत नाही, अशी पद्धत झाली आहे.

आणि ही जलपर्णी जगते कशावर? वरच्या डोंगरावर बंगले झाले, त्यांच्या शौचटाक्यांचं पाणी पावसात कुठे जातं, ते जाऊन बघा. आमच्या नाल्यात. खताचं पाणी शेतातून येतं ते वेगळं. नत्र आणि स्फुरद फुकट मिळाल्यावर ती वाढणार नाही तर काय उपास करणार? २०२३ मध्ये तुम्ही नगर नियोजन कायद्यात १७(२) हे कलम आणलं, २०२४ मध्ये ३९अ. काल हिरवी होती ती जमीन आज बांधकामाची झाली, कागदावर रंग बदलला की झालं. डोंगर कापला की माती तळीत, तळी उथळ झाली की पाणी तापतं, पाणी तापलं की जलपर्णी खूश. तुमच्या एका सहीचं टोक आमच्या जाळ्यात येऊन अडकतं, ते तुम्हाला पणजीतून दिसत नाही. पणजीतून मांडवी दिसते. तिथे कॅसिनोची जहाजं तरंगतात आणि त्यांच्या वाटेत कधी काही उगवल्याचं ऐकलं नाही. उगवलं तर एका रात्रीत साफ होईल, पैज लावते.

आमच्या तालुक्यात पोर्तुगिजांपासून देव पळून आले होते. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. तेव्हा खाडी ओलांडली की दुसरं राज्य होतं. आता खाडीच्या अलीकडे तुम्ही, पलीकडेही तुम्ही. आम्ही कुठे पळायचं?

उपाय नाही असं म्हणू नका. पापुआ न्यू गिनीत सेपिक नावाची नदी आहे, तिथल्या लोकांची गत आमच्यासारखीच होती, खरं तर वाईट. १९७० नंतर थोडीशी साल्विनिया पाण्यात गेली आणि आठ-दहा वर्षांत सुमारे अडीचशे चौरस किलोमीटर पाणी झाकलं. होड्या चालेनात, मासे मिळेनात, दवाखान्यात जाता येईना, लोकांनी गावं सोडली. मग ब्राझीलहून शोधलेला एक सोंड्या भुंगा सोडला, दोन मिलिमीटरचा. तो फक्त साल्विनिया खातो. काही वर्षांत नदी मोकळी झाली. ज्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी तो शोधला त्यांना १९८५ मध्ये युनेस्कोचं बक्षीस मिळालं. आपल्याकडे १९८३ च्या सुमारास तोच भुंगा बंगळुरूला आणला, केरळात सोडला, तिथेही फळ मिळालं. केरळ किती दूर आहे? करमळीहून गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी तिथे. निळ्या फुलांच्या जलपर्णीचा भुंगा वेगळा आहे, तोही देशात चाळीस वर्षं आहे. भुंग्याला वेळ लागतो, नारळ फोडताना फोटोत तो दिसत नाही, आणि त्याचं टनावर बिल काढता येत नाही. अडचण बहुतेक इथेच असावी.

मागणं मोठं नाही. लोखंडी दार काढा आणि फळ्यांची मानस परत बसवा, ती उघडायचा अधिकार तळी कसणाऱ्यांना लेखी द्या. औषध मारायचं बंद करा. काढायचंच असेल तर पाऊस ओसरल्यावर लगेच, हाताने, आमच्याकडून काढून घ्या आणि पैसे टनावर देऊ नका, तळी किती महिने मोकळी राहिली त्यावर द्या. काढलेला पाला बांधावर नको, माडांच्या आळ्यात जाऊ दे. वरच्या बंगल्यांच्या टाक्या तपासा. भुंग्यासाठी ज्यांना त्यातलं कळतं त्यांना आणा. फॉर्ममधला तो पहिला रकाना खोडा.

आणि मेलेल्या मासळीचे नमुने बाटलीत भरून नेले आहेत, पाण्याचेही नेले आहेत. त्यांचा अहवाल कुठे आहे? आला नसेल तर कधी येणार, आला असेल तर कोणाच्या टेबलावर आहे? पंचनाम्यातली 'अतिउष्णता' खोडून खरं कारण लिहा, कारण त्या एका शब्दावर आमची भरपाई अडली आहे. कापणीनंतर पावणीचा दुसरा हप्ता भरायचा आहे. सातही घरांनी ठरवलंय, अहवाल हातात पडल्याशिवाय एक पैसा भरणार नाही. जप्ती आणायची असेल तर आणा. होडी बांधाला बांधलेली आहे, जाळी घरात आहेत, बांगड्या सोसायटीत आहेत.

आपली,
फोंडा तालुक्यातली एक नुस्तें विकणारी